रेषांची माणसं, माणसांच्या रेषा

कोथरूडहून लॉ कॉलेज रस्त्यावर आलं की एफटीआयआय लागतं. तिथेच, प्रभातच्या स्टुडिओत, १९३४ साली 'जंबूकाका' हा कार्टूनपट झाला. त्यातला कोल्हा चितारलेला आहे, हे पोरांनाही कळत होतं. २०१८ मध्ये लोणावळ्याच्या 'बिग बॉस मराठी'च्या घरात माणसं खरी होती. पण अशा खेळांत भांडकुदळ कोण, बिचारा कोण, हे बरंचसं संकलनात रेखाटलं जातं. अमेरिकेतल्या 'ड्रॉन टुगेदर'ने २००४ सालीच ही गंमत उघडी पाडली होती: कॅमेऱ्यांच्या घरात आठ कार्टून पात्रं, प्रत्येक एक साचा. गोड राजकन्या तर चक्क वंशद्वेषी! मालिकांतून कायम रहीमचाचा नाहीतर अतिरेकी म्हणून भेटणाऱ्या आपल्यासारख्यांना हे साचे लगेच ओळखू येतात. विनोद मात्र पुष्कळदा ओंगळ. घरी पोरांसमोर मी तो लावला नाही.