वऱ्हाडांतील रोशाचें तेल

सुगंधी तेलांनीं रोग व मनस्ताप हरण करण्याच्या पद्धतीस ‘अरोमाथेरपी’ हें नांव गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाच्या १९३७ सालच्या ग्रंथापासून रूढ झालें. नांव नवें असलें तरी हीं तेलें चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडे निघत असत, असें विधान निःशंकपणें केलें जातें. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत उगवतें. त्याच्या तेलाच्या निमित्तानें हें विधान तपासून पाहण्याजोगें आहे. वनस्पतीची प्राचीनता व तिच्या तेलाची प्राचीनता या दोन गोष्टी एक नव्हेत.

वनस्पति जुनी आहे यांत संशय नाहीं. ‘रोशा’ व ‘रोहिस’ हीं नांवें संस्कृत ‘रौहिष’ शब्दाचीं रूपें होत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत कत्तृण, पौर, सौगंधिक, ध्याम, देवजग्धक व रौहिष हे पर्याय एकत्र दिले आहेत. सुवासिक तृणें अनेक असल्यामुळें या नांवांची गवती चहाच्या जातींशीं सरमिसळ झालेली आहे, हें मात्र ध्यानांत ठेवावें. चरकसंहितेंत स्तन्यजनन दशकांत कत्तृण येतें, तें मुळांच्या रूपानें. तेलाचा तेथें संबंधच नाहीं. वैद्यकग्रंथांत जेथें ‘तैल’ शब्द येतो, तेथें तो मुख्यत्वें तिळाचा स्नेह होय. काढा व कल्क घालून तिळाचें तेल मंदाग्नीवर शिजवावयाचें आणि पाणी आटलें कीं गाळून घ्यावयाचें. भट्टींतून वाफेबरोबर निघणारें व उघडें ठेवल्यास उडून जाणारें तेल ही सर्वस्वी निराळी वस्तु आहे. मराठींत दोहोंस एकच शब्द असल्यामुळें घोटाळा झाला आहे.

या बाबतींत एक पोथी फार उपयोगी पडते. गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला एका अज्ञात ग्रंथकाराचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं उजेडांत आणले. १९८९ सालीं ते बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत छापून निघाले. सुगंधी द्रव्यांच्या सिद्धीवर मराठींत टीका लिहिली जात असे, ही एकच गोष्ट आमच्या संग्राहकांनीं पोथ्या पुन्हा चाळून पाहाव्या अशा योग्यतेची आहे. गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. या सहांत पातनक्रियेचें नांव नाहीं. यावरून पातनयंत्र आपल्याकडे अज्ञात होतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. रसरत्नसमुच्चयांत पाऱ्यासाठीं तिर्यक्पातनयंत्र दिलें आहे: दोन घट व त्यांस जोडणारी तिरपी नळी. परंतु पारा उडविणारा रसवैद्य निराळा व गंध सिद्ध करणारा गांधी निराळा. ‘अर्क’ व ‘अत्तर’ हे शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारें मराठींत आले. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचें श्रेय तर जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तांत नूरजहानच्या मातेस देतो.

रोशाची भट्टी त्या तिर्यक्पातनयंत्राचीच थोरली बहीण म्हणावी अशी होती. पावसाळा सरतां सरतां गवतास फुलोरा आला कीं शेंडे कापून ते ओढ्याकाठच्या चुलीवरील मोठ्या हंड्यांत पाण्यासह भरीत. झांकणाच्या फटी पिठाच्या लगद्यानें बुजवीत आणि बांबूची नळी वाहत्या पाण्यांत अर्धवट बुडविलेल्या भांड्यांत सोडीत. वाफ तेथें निवे व तेल पाण्यावर तरंगे.

हा माल मुंबईहून तांबड्या समुद्रांतील बंदरांच्या वाटेनें इस्तंबूलास जाई. तेथें त्यास ‘इद्रिस यागी’ म्हणत. पुढें युरोपांत तो ‘तुर्की जिरेनियम तेल’ या खोट्या नांवानें खपे आणि बल्गेरियांतील गुलाबाच्या अत्तरांत मिसळला जाई. इंग्रजी ग्रंथांत नेमाडचें ‘नामार’ झालें. दुसरा एक चकवा याहून मोठा आहे. रॉक्सबर्गनें या गवतास जनरल मार्टिनचें नांव दिलें, कारण टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं मार्टिननें त्याचें बीं ‘बालाघाटां’त गोळा केलें होतें. वऱ्हाडचेहि पायनघाट व बालाघाट असे भाग असल्यामुळें आपला अभिमान येथें चटकन जागा होतो. परंतु टिपूच्या युद्धांतील बालाघाट कर्नाटकाकडील होय. जनावरें तें गवत इतक्या आवडीनें खात कीं त्यांच्या दुधास व मांसास त्याचा वास येई, असें रॉक्सबर्ग सांगतो. ‘देवजग्धक’ म्हणजे देवांनीं खाल्लेलें, हें अमरकोशांतील नांव अशा वेळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

तेलाचे गुण खोटे नव्हेत. १८७१ सालीं याकोबसेन यानें याच तेलांतून जिरेनिऑल वेगळें केलें. कोरड्या उतारावरील ‘मोतिया’ जातींत तें विपुल, तर सखल ओलसर जागच्या ‘सोफिया’ जातींत कमी असतें. जिरेनिऑल कित्येक सूक्ष्म जंतूंस व बुरशीस मारक आहे. संधिवातावर हें तेल चोळीत असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकांतील औषधिग्रंथांत आहे. मनावरील परिणामाच्या दाव्यांस मात्र इतका भक्कम आधार नाहीं.

वऱ्हाडांतील वैद्यघराण्यांच्या बाडांत रोहिसाच्या तेलाची कृति आढळल्यास तींत तिळाचें तेल घेतलें आहे किंवा भट्टी व नळी सांगितली आहे, हें सूचिकारांनीं प्रथम नोंदवावें. कागद व अक्षरवळण यांवरून काल ठरवितांना हा भेद निश्चित उपयोगी पडेल.