मुंग्या उशिरा येतात: डायबिटीस ओळखण्याची दोन हजार वर्षांची गोष्ट

आजचा विषय तुमच्या घरात कुणाला ना कुणाला माहीत आहेच. आपल्याकडे त्याला डायबिटीस कमी आणि ‘शुगर’ जास्त म्हणतात. “काकांना शुगर निघाली,” असं. हे ‘निघाली’ क्रियापद मला भारी वाटतं. म्हणजे ती आधीपासून आत होतीच, फक्त आज बाहेर आली. आणि टाइप टू डायबिटीसच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

तर आज बघूया, हा आजार माणसाने कशावरून ओळखला. इतिहास दोन हजार वर्षांचा आहे, पण त्यातून निघणारी गोष्ट एका ओळीची: ज्या खुणा सगळ्यात प्रसिद्ध आहेत, त्याच सगळ्यात उशिरा दिसतात.

मुंग्यांची टेस्ट

सुरुवात आपल्याकडूनच. चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता या दोन्ही ग्रंथांत ‘प्रमेह’ नावाचा रोग आहे. त्याचे वीस प्रकार सांगितलेत आणि त्यातला एक म्हणजे मधुमेह. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवलंय. विचार करा, ना लॅब, ना स्ट्रिप. सेन्सर म्हणजे मुंगी!

पण मला त्याहून आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आयुर्वेदात ‘पूर्वरूप’ अशी एक कल्पना आहे. रोग पूर्ण उभा राहण्याआधी शरीर ज्या खुणा दाखवतं, ती पूर्वरूपं. प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये तोंड गोड पडणं, घसा आणि टाळू कोरडे होणं, तहान, हातापायांची जळजळ आणि बधिरपणा, आळस अशा गोष्टी आहेत. यातल्या कितीतरी आजही डॉक्टर विचारतात.

सुश्रुतसंहिता तर आणखी पुढे जाते. प्रमेहाचे रुग्ण दोन तऱ्हेचे, असं ती सांगते. एक जन्मजात दोषाचा: कृश, फार तहानलेला. दुसरा चुकीच्या आहारविहाराने झालेला: स्थूल, खादाड, बसून आणि झोपून राहणारा. आजचे टाइप वन आणि टाइप टू जसेच्या तसे तिथे होते असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण एकाच नावाखाली दोन वेगळी माणसं दिसतायत, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

चव घेणारे डॉक्टर

आता पश्चिमेकडे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कॅपाडोशिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याने वर्णन केलंय की या रोगात शरीराचं मांस जणू वितळून लघवीवाटे निघून जातं. ‘डायबिटीस’ हा शब्दही ग्रीकच. आरपार वाहून जाणं, असा त्याचा अर्थ.

१६७४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टरने लिहिलं की अशा रुग्णांची लघवी मधासारखी गोड लागते. हो, लागते. त्या काळी चव घेऊन बघत असत. मग १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवली आणि खाली उरलेला साखरेसारखा गोड थर दाखवला. त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली: रुग्णाच्या रक्तातला द्रवही गोड आहे. म्हणजे गडबड फक्त मूत्रपिंडात नाही, सगळ्या शरीरात आहे. १८१५ मध्ये फ्रान्सच्या शेव्हरलने ही साखर म्हणजे द्राक्षातली साखर, आपलं ग्लुकोज, हे ठरवलं. पुढे बेनेडिक्टचं द्रावण आलं. सायन्सवाल्यांना आठवत असेल: निळं द्रावण तापवायचं, साखर असली की हिरवं, पिवळं, विटकरी होत जातं.

इथे जरा थांबा. मुंगी, जीभ, निळं द्रावण. तिन्ही कुठे शोधतायत? लघवीत. आणि घोळ तिथेच आहे.

अलार्म फार वर लावलाय

आपली मूत्रपिंडं रक्त गाळतात, तेव्हा साखरही गाळली जाते. पण ती वाया जाऊ नये म्हणून मूत्रपिंड ती परत शोषून घेतं. या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, की उरलेली लघवीत सांडायला लागते.

आता आकडे शेजारी ठेवा. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर नॉर्मल. १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबिटीस. १२६ किंवा त्याहून जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच आलं, तर डायबिटीस. मुंगीला मात्र बातमी कळते १८० नंतर.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. सर्व्हरची डिस्क ९९ टक्के भरल्यावर अलार्म वाजत असेल, तर अलार्म खोटा नसतो. पण तो वाजेपर्यंत करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आणि सारखी लघवी, सारखी तहान, वजन उतरणं ही प्रसिद्ध त्रिमूर्ती याच सांडण्यातून येते. साखर जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. पाणी गेलं म्हणून तहान. शरीराला साखर नीट वापरता येत नाही, म्हणून वजन घटतं. म्हणजे ही लक्षणं सुद्धा मुंगीच्याच वेळेला येतात.

गप्प बसणारा आजार

१९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. मृत्यूच्या दारातली मुलं परत आली. सगळ्यांना वाटलं, कोडं सुटलं: इन्सुलिन कमी पडतं, ते द्या. पण काही रुग्णांवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होईना. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थने रुग्णांना इन्सुलिन आणि ग्लुकोज एकदमच देऊन पाहिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. या दुसऱ्या गटाचं शरीर इन्सुलिनला दादच देत नव्हतं. आज आपण ज्याला टाइप टू म्हणतो, त्याची ही वाट.

टाइप टूची चाल अशी असते. पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूसही नॉर्मल. आत मात्र ओव्हरटाइम चालू. काही वर्षांनी स्वादुपिंड थकतं आणि साखर हळूहळू चढायला लागते. इतकी हळू, की शरीराला सवय होते. ब्रिटनमध्ये १९७७ पासून चाललेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये डोळे, नसा किंवा रक्तवाहिन्यांना काहीतरी इजा आधीच झालेली होती. निदानाच्या दिवशीच!

माझ्या मामाचं असंच झालं. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पडदा तपासला आणि विचारलं, “शुगर कधी बघितलीय का?” मामा म्हणाला, “मला काहीच त्रास नाही हो.” तो खरंच सांगत होता.

तेहरानची लॉग फाइल

मग गप्प असलेल्या आजाराला बोलतं कसं करायचं? १९६० च्या दशकाच्या शेवटी तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर हा डॉक्टर हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होता. डायबिटीसच्या रुग्णांच्या रक्तात त्याला एक वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. पुढे कळलं, की रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि चिकटलेलीच राहते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे त्यांच्यावर गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद आपोआप होत असते. हीच आजची एचबीएवनसी टेस्ट. आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, ६.५ पासून डायबिटीस.

पुण्याचा धडा

“पण मी तर बारीक आहे,” असं कुणीतरी आत्ता म्हणालं असेल. तर चला पुण्याला.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळाचं सरासरी वजन साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. पुण्याची बाळं लहानखुरी, स्नायू कमी. पण चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त असलेलं बाळ.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच. आपल्या लोकांसाठी वजनकाटा पुरेसा नाही, हे यापेक्षा सोप्या भाषेत कोण सांगणार?

मग बघायचं काय?

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि १३.६ कोटी प्रीडायबिटीसमध्ये आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या टीमने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक साधा स्कोअर बनवला. रक्त लागत नाही. फक्त वय, कंबर, हालचाल आणि आईवडील. माझ्यासारख्याचा हिशोब करू: वय २८, शून्य गुण. कंबर ९० सेंटिमीटरच्या थोडी वर, १० गुण. बायकांसाठी ही रेघ ८० ला आहे. बैठं काम आणि व्यायाम नाही, ३०. आईवडिलांपैकी एकाला शुगर, १०. एकूण ५०. मध्यम धोका. आता यातलं काहीच बदललं नाही, फक्त ३५ वा वाढदिवस झाला, तर २० गुण वाढतात. ७०. साठ किंवा त्याच्या पुढे म्हणजे जास्त धोका. केक कापला आणि गट बदलला!

कंबर बेंबीच्या रेषेत टेपने मोजायची. जीन्सचा नंबर नाही चालत.

शरीरावर लवकर दिसणारी एक खूण म्हणजे मानेवर किंवा काखेत येणारा जाडसर, मखमली काळेपणा. तो मळ नसतो, घासून जात नाही. बऱ्याचदा तो वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम असतो. मुलींनो, पीसीओएस असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर तीही पूर्वसूचनाच. त्यानंतरच्या खुणा: जखम लवकर न भरणं, खाजेचे इन्फेक्शन परत परत होणं, पायाला मुंग्या येणं, नजर धूसर होणं, जेवल्यावर गळून जाणं. यातलं एखादं इतर कारणानेही होतं, म्हणून घाबरायचं नाही, तपासायचं. पण खूप तहान, झपाट्याने उतरणारं वजन आणि सोबत उलट्या असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि काहीच त्रास नसेल तरी तिशी ओलांडली की एकदा तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांतही ३० वर्षांवरच्यांची तपासणी होते. घरात शुगर असेल किंवा कंबर रेघेच्या पुढे असेल, तर तिशीचीही वाट नको. प्रीडायबिटीसमध्ये सापडलात तर चालणं, व्यायाम आणि ताटातला बदल यांनी पुढचा आजार टाळता किंवा लांबवता येतो. तिथे अजून तुमचा हात वर असतो.

सुश्रुताच्या काळात मुंगीची वाट बघण्याशिवाय फारसा इलाज नव्हता. आपल्याकडे टेप आहे आणि कोपऱ्यावर लॅब आहे. हा भाग संपला की आईबाबांना फोन लावा, शेवटची शुगर कधी तपासली ते विचारा. स्वतःची तारीखही ठरवून टाका.

भेटूया पुढच्या भागात. तोवर जरा चालून या!