तळघराशिवायचं घर: लेव्हिटटाउनच्या स्लॅबची गोष्ट

आपल्याकडे ‘स्लॅब पडला’ म्हटलं की आपण वर बघतो. आजचा स्लॅब मात्र पायाखालचा आहे. थेट जमिनीवर ओतलेला, खाली तळघर नाही. आणि तो टाकू द्यावा म्हणून १९४७ साली अमेरिकेत लोकांनी सभागृह भरवलं होतं.

आधी एक प्रश्न. तिकडच्या थंड भागात घरोघरी तळघर का? कारण जमीन गोठते. गोठताना मातीच्या बारीक कणांमधून खालचं पाणी वर ओढलं जातं, बर्फाचे थर साचतात आणि वरचं बांधकाम उचललं जातं. आपल्या काळ्या मातीचं फुगणं आठवा. कारण वेगळं, भिंतीला तडे तसेच. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. न्यूयॉर्कच्या आसपास म्हणजे साधारण तीन फूट. एवढं खणायचंच आहे, तर आणखी थोडं खणून खोलीच करा की! कोळशाची भट्टीही तिथेच बसायची. सोयीची गोष्ट हळूहळू सवय झाली, आणि लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड टाउनमध्ये तर नियमच. तळघर नाही तर परवानगी नाही.

दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक परत आले, आणि घरं नव्हती. लोक नातेवाइकांकडे, पत्र्याच्या बराकींमध्ये राहत होते. लेव्हिट अँड सन्स या बिल्डर कंपनीने बटाट्याच्या शेतांवर २,००० घरं बांधून माजी सैनिकांना महिना ६० डॉलरने भाड्याने द्यायचं जाहीर केलं. पण या भाड्यात तळघर बसत नव्हतं. खोदाई, भिंती, वेळ, सगळंच वाढलं असतं. मे १९४७ मध्ये टाउन बोर्डाची सुनावणी झाली. ‘न्यूजडे’ वर्तमानपत्राने बाजू लावून धरली, माजी सैनिक गर्दी करून आले, आणि नियम बदलला. १ ऑक्टोबरला पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत घरांची संख्या १७,००० च्या वर गेली.

आता कोणी म्हणेल, गर्दीने इंजिनिअरिंग ठरवायचं का? माझं मत असं की इथे ते चाललं, कारण नियमामागचं कारण गोठणं हे होतं, तळघर नव्हे. हेम्पस्टेडची जमीन वाळू-खडीची, पाणी धरून न ठेवणारी. पाणीच नाही तर बर्फ उचलणार काय? तरीही अशा स्लॅबला काही गोष्टी लागतातच. वरची सुपीक माती काढायची, भराव नीट दाबायचा, त्यावर खडीचा थर, म्हणजे ओल वर चढत नाही. आपण जोत्यात मुरूम भरून सोलिंग करतो, तसंच काहीसं. कडा मात्र खोल न्यायची, कारण थंडी कडेनेच आत शिरते. आणि सर्वात महत्त्वाचं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या नळ्या काँक्रीट ओतायच्या आधी जागेवर हव्यात. नंतर बदल नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही कल्पनाच घाम फोडते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही घरं सगळ्या सैनिकांसाठी नव्हती. भाडेकरारात कलमच होतं की गोऱ्यांशिवाय कोणी तिथे राहायचं नाही. त्याच युद्धात लढलेला काळा सैनिक बाहेर. तळघराचा नियम एका सुनावणीत गेला. या कलमासाठी तशी गर्दी जमली नाही.

परत स्लॅबकडे. तळघर गेलं तर घर गरम कशाने करायचं? लेव्हिटने बॉयलर स्वयंपाकघरात ठेवला आणि स्लॅबमध्येच तांब्याच्या नळ्या घालून त्यातून गरम पाणी फिरवलं. हे त्याचं डोकं नव्हे. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १९३७ साली मॅडिसनच्या जेकब्स घरात स्लॅबखाली गरम नळ्या टाकल्या होत्या. त्याला ते सुचलं जपानमध्ये अनुभवलेल्या एका कोरियन पद्धतीच्या खोलीवरून. कोरियात पूर्वी जमिनीखालून चुलीचा धूर खेळवून घर ऊबदार ठेवत, त्याला ओंदोल म्हणतात.

मुलं उघड्या पायांनी उबदार फरशीवर खेळायची. पण वर्षं गेली तशा काही घरांत नळ्या गळू लागल्या. गळती शोधायची तर फरशी फोडायची. मग पुष्कळांनी त्या नळ्या बंद करून टाकल्या आणि नवीन नळ्या भिंतीच्या कडेने, जमिनीच्या वरून फिरवल्या.