मुखवट्यामागचा शेजारी

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले असून वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या समाजांची तेथे दाट वस्ती आहे. 1948 साली विलीन होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात राहिला आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी नव्या पालघर जिल्ह्यात आला. लहान मुलांना सोसेल इतकीच भीती घालणारे, ठरावीक सणासुदीला वाचायचे चित्रपुस्तक हा शहरी बाजारातला प्रकार साखरशेतसारख्या येथील गावांना अलीकडचा वाटेल. मात्र लहान मुलाला वर्षातून एकदा, ठरलेल्या काळी आणि आपल्या माणसांच्या सोबतीने घाबरू देण्याची रीत या भागात जुनी आहे, आणि त्या रीतीचे नाव बोहाडा.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. सोंग या शब्दात येथे मुखवटा, तो धारण करणारा माणूस आणि त्याचे नाचत येणे या तिन्हींचा समावेश होतो. होळीनंतर, पिके घरात आलेली असतात आणि पाऊस अजून दूर असतो अशा उन्हाळ्याच्या दिवसांत गावोगावी बोहाडे होतात. त्यांपैकी मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा विशेष प्रसिद्ध आहे. रात्री संबळ आणि पिपाणी वाजू लागते, मशालींच्या उजेडात गावच्या रस्त्यावरून एकामागून एक सोंग नाचत येते, आणि दोन्ही बाजूंना बसलेला गाव ते पाहतो. आरंभी गणपती आणि शारदा येतात, त्यानंतर रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील पात्रे येतात, ज्यांत रावण असतो, हिडिंबा असते, पूतना असते, खांबातून प्रकटणारा नरसिंह असतो. आणि रात्र सरता सरता देवी व महिषासुर यांचे युद्ध होऊन असुर पडतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरत, नंतर कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले, आणि अनेक गावांत एखादे सोंग एखाद्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते, म्हणून नरसिंह कोणाच्या घरचा आणि रावण कोणाच्या घरचा हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. स्त्रीपात्रांची सोंगेही पुरुषच घेतात.

मुलाच्या दृष्टीने पाहता या रचनेत भीतीला तीन कुंपणे आहेत. पहिले काळाचे: राक्षस वर्षभर दारात उभा राहत नाही, त्याची रात्र ठरलेली असते. दुसरे क्रमाचे: गणपतीशिवाय आरंभ होत नाही आणि देवीच्या विजयाशिवाय शेवट होत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाहणाऱ्या मुलाला शेवट माहीत असतो आणि माहीत असूनही, किंबहुना माहीत असल्यामुळेच, ते मधल्या सोंगांना मनसोक्त घाबरू शकते. तिसरे कुंपण सर्वांत महत्त्वाचे आहे, ते ओळखीचे. आईच्या किंवा आजीच्या मांडीवरून पाहताना जे उग्र तोंड अंगावर आल्यासारखे वाटते, त्याच्यामागे गावातलाच कोणी काका किंवा मामा आहे हे मुलाला त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उमगते, आणि भयानक चेहऱ्यामागे आपला माणूस असू शकतो हे ज्ञान त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या ज्ञानाचे मोल समजण्यासाठी त्याच मुलखातील एका क्रूर समजुतीकडे पाहणे भाग आहे. एखादे मूल दगावले, गुरे मेली किंवा आजार हटेना, की भगताने, म्हणजे देवदेवस्की आणि औषधपाणी करणाऱ्या माणसाने, गावातील एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवावे, तिला भुताळी ठरवावे आणि तिच्या वाट्याला मारहाण, बहिष्कार, कधी मृत्यूही यावा, असे प्रकार पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यात घडत आले. नंदुरबारकडे अशा स्त्रीला डाकीण म्हणतात. पुष्कळदा ती एकटी, वयस्क किंवा विधवा असते. बोहाड्यात उग्र मुखवट्यामागे शेजारी सापडतो, तर येथे शेजारणीच्या साध्या चेहऱ्यामागे उग्र काही असल्याचे मानले जाते. दोन्ही गोष्टी एकाच भूमीत, एकाच समाजात नांदत आल्या, आणि त्या परस्परांच्या अगदी उलट आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला व त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने कायदा संमत केला, त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा अनेक वर्षांचा लढा होता. मुलांच्या पुस्तकांची निवड हा त्या लढ्यापासून फार दूरचा विषय नाही, कारण माणसाच्या कोणत्या चेहऱ्याला भ्यावे याचे पहिले धडे कथांतूनच मिळतात.

छापील मराठीत भुताखेतांनी फार लवकर प्रवेश केला. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात 1806 साली इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ छापला गेला, आणि मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ दिल्यानंतर 1830 साली ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. स्मशानातील झाडावर लटकलेले प्रेत आणि त्यात शिरून राजाला कोडी घालणारा वेताळ ही कल्पना मुळात लहानांसाठी नव्हती; परंतु तीत प्रत्येक भय एका प्रश्नापाशी येऊन थांबते व वाचणाऱ्याला घाबरण्याऐवजी विचार करावा लागतो, म्हणून ती मुलांच्या हाती सहज गेली, आणि पुढे ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळाच्या मालिकेने ती महाराष्ट्रातील घराघरांत पोचवली. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा अनेक गावांचा राखणदार देव आहे, ही गोष्ट त्या मालिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांना परकी नव्हती.

हंगामी वाचनाची मराठी रीत मात्र दिवाळीशी जोडली गेली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, मुलांसाठी वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ 1906 पासून निघत होते आणि 1971 साली पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ सुरू झाले. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला ही दिवाळी नेमकी विपरीत वेळी येते. भात कापून झाले की येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई आणि त्यापलीकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर मजुरीसाठी निघतात, लहान मुले बरोबर जातात आणि होळीच्या सुमारास किंवा पावसाच्या तोंडावर परततात. शहरात नवे पुस्तक येण्याचा जो काळ, तोच येथे घर सुटण्याचा काळ. उलट गाव पुन्हा भरते ते बोहाड्याच्या दिवसांत. भट्टीवरच्या झोपड्यांना भोंगा म्हणतात, आणि त्यांत राहणाऱ्या मुलांसाठी वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या भोंगाशाळा याच स्थलांतरातून जन्मल्या.

कथा आणि लहान मूल यांचा संबंध काय असावा, या प्रश्नाचा विचार याच जिल्ह्यात फार गंभीरपणे झालेला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले आणि 1957 साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांनी त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर ते काम वाढवले. वारली मुलांच्या पाड्यांवर जाऊन भरवलेली अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानात चालवलेली कुरणशाळा हे त्यांचे प्रयोग. ज्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवरून त्यांनी आरंभ केला, त्या माँटेसरी लहान वयात कल्पित, अद्भुत गोष्टी देण्याबाबत साशंक होत्या, कारण वास्तव आणि कल्पना यांतील सीमा मुलाला अजून आखता येत नाही असे त्या मानत. गिजुभाईंनी मात्र शिक्षणात गोष्टीला मानाचे स्थान दिले. जव्हारसारख्या प्रदेशाचा अनुभव पाहता माँटेसरींची शंका दूर सारण्याजोगी नाही, पण तिचे उत्तर गोष्टी वर्ज्य करण्यात नाही, ती सीमा दाखवणाऱ्या गोष्टी निवडण्यात आहे.

अशी सीमा दाखवणारी कामे मराठीत झाली आहेत आणि ती बहुतेक रंगभूमीवर झाली, हे बोहाड्याशी असलेल्या नात्यामुळे लक्षणीय ठरते. 1959 साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि त्यातील चेटकीण स्वतः साकारली. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी आणि अलीकडच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. पुरुषाने उघडपणे वठवलेली ही चेटकीण मुलांना दचकवते आणि हसवतेही, पण ती कोणत्याही गावातल्या म्हातारीसारखी दिसत नाही. याउलट आडरानातली झोपडी, वाकलेली एकाकी वृद्धा आणि तिच्या चुलीवर शिजणारे अभद्र काही, अशा चित्रांची पाश्चात्त्य धाटणीची पुस्तके ऑक्टोबरअखेरीच्या हॅलोविन या सणाच्या निमित्ताने शहरांतील दुकानांत येऊ लागली आहेत. मुंबईतल्या मुलाला ती निव्वळ गंमत वाटेल, परंतु ज्या पाड्यावर एखादी एकटी म्हातारी संशयाच्या छायेत जगत असेल तेथे हेच चित्र निरुपद्रवी राहत नाही. तसले पुस्तक साखरशेतच्या शाळेत देऊ नये.

त्या जागी देण्याजोगी गोष्ट प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत अडवणारा वाघ आणि परतीच्या प्रवासात तिला पोटात घेऊन चालणारा भोपळा, या कथेत भय खरे आहे, रान खरे आहे, आणि म्हातारी ही संशयाची नव्हे, कौतुकाची धनी आहे. तिची हुशारी मुलाला आपलीशी वाटते. अमेरिकेत मॉरिस सेंडाक यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या चित्रपुस्तकातील अक्राळविक्राळ प्राणी आपल्या बालपणी घरी येणाऱ्या मामा-मावश्यांवरून सुचल्याचे सांगितले होते. त्या पुस्तकातला मुलगा राक्षसांच्या प्रदेशातून परत येतो तेव्हा त्याचे जेवण अजून गरम असते. समुद्रापलीकडच्या या पुस्तकाची आणि बोहाड्याची बांधणी जवळजवळ एकच आहे, म्हणून ते मराठीत सांगून दाखवले तर जव्हारच्या मुलांना नवखे वाटणार नाही.

निवड करताना वाघाचा विचार वेगळा करावा लागतो. येथे वाघ हा केवळ गोष्टीतला प्राणी नाही: वाघदेवाच्या कोरीव लाकडी खांबांची गावशिवेवर पूजा होते, आणि इतरत्र वसुबारस पाळली जाते त्या आश्विन वद्य द्वादशीला अनेक आदिवासी गावे वाघबारस साजरी करतात, ज्या दिवशी गुरांना आणि गुराख्यांना सांभाळ असे वाघोबाला सांगणे घातले जाते. बिबट्याचा वावर या रानांत आजही असल्याने वाघाला मूर्ख ठरवून मारणारी किंवा त्याला खेळण्यातला बाहुला करणारी पुस्तके येथील मुलाच्या अनुभवाशी जुळत नाहीत. ज्याच्याशी अंतर राखून, मान देऊन राहायचे असा वाघ त्याच्या ओळखीचा असतो. चित्रांच्या बाबतीत तर शेजारच्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांतून रान, गुरे आणि देव जगापुढे मांडले, आणि त्या चित्रभाषेतील पुस्तक येथील मुलाला कोणाच्या मदतीवाचून वाचता येते.

वाचण्याची वेळ आणि जागा हाही निवडीचाच भाग होय. जव्हार-मोखाड्यातील असंख्य मुले शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांत, म्हणजे निवासी शाळांत शिकतात. तेथे रात्री मोठ्या खोलीत रांगेने झोपणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ मांडी नसते, आणि दिवे मालवण्यापूर्वी वाचलेली भीती त्याला एकट्यालाच पेलावी लागते. अशा शाळेत ही पुस्तके दिवसा, सर्वांनी मिळून, जमल्यास सोबत मुखवटे करून वाचली जावीत, आणि गोष्ट ज्या बैठकीत सुरू होईल त्याच बैठकीत संपावी. मुलाची घरची बोली वारली किंवा कोकणा असेल तर सांगणाऱ्याने पुस्तकाच्या प्रमाण मराठीत अडकून राहू नये. पुस्तकांची पेटी वाघबारसेला उघडली, तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना ती निघण्याआधी काही दिवस तरी मिळते, आणि म्हातारीची व वाघाची एखादी पातळ प्रत त्यांच्याबरोबर भट्टीवरही पाठवता येते. उरलेली, मोठ्या राक्षसांची पुस्तके होळीनंतर, गावात सोंगांची तयारी सुरू झाली की बाहेर काढावीत, कारण तेव्हा नरसिंहाचे पान उलटताना तो मुखवटा कोणाच्या घरात ठेवला आहे हे मुलेच शिक्षकांना सांगू शकतात.