खोखो : राष्ट्रीय संघटन व नियोजन

खोखो हा पाठलागाच्या तत्त्वावर आधारलेला, महाराष्ट्रात नियमबद्ध झालेला एक सांघिक मैदानी खेळ. ग्रामीण व शालेय जीवनात तो पूर्वापार खेळला जात असला, तरी त्याला राष्ट्रीय खेळाचे रूप विसाव्या शतकात आले. राजाश्रय, मोठा प्रेक्षकवर्ग वा व्यावसायिक भांडवल यांपैकी काहीही पाठीशी नसताना एका हौशी खेळाची देशव्यापी उभारणी कशी झाली आणि तीत कोणत्या उणिवा राहिल्या, या दृष्टीने खोखोचा इतिहास अभ्यसनीय आहे.

खेळाचे स्वरूप : प्रत्येक संघात बारा खेळाडू असून त्यांपैकी नऊ प्रत्यक्ष खेळतात. आक्रमक संघाचे आठ खेळाडू मध्यपाटीवरील चौरसांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षक तीन-तीनांच्या तुकडीने मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्यास मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्यावाचून बदलता येत नाही. दिशा बदलावयाची असेल, तर त्याने बसलेल्या सहकाऱ्यास पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ द्यावयाचा असतो. संरक्षकावर असे कोणतेही दिशेचे बंधन नसते. या एका विषम बंधनातच खेळाचे सारे डावपेच सामावलेले आहेत. कारण त्यामुळे एकट्याच्या वेगापेक्षा नऊ जणांच्या सहकार्यास अधिक महत्त्व येते. मैदान, दोन खांब व घड्याळ यांव्यतिरिक्त साहित्य लागत नसल्याने हा खेळ अत्यंत अल्पखर्चाचा ठरला.

नियमबद्धता : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेळाडूंची संख्या, मैदानाचा आकार, डावाचा काल व गुणांची पद्धत गावोगावी निरनिराळी होती. त्यामुळे दोन गावांच्या संघांत सामना व्हावयाचा, तर आधी नियमांवर एकमत व्हावे लागे. ही अडचण दूर करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये केला. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवून व नियमावली सिद्ध करून त्यास चालना दिली. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० नंतरच्या दशकात नियमांचे एकसूत्रीकरण हाती घेतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली; त्यांत खोखोचाही समावेश होता.

या टप्प्यावर खेळाचा प्रसार मुख्यतः मराठी व्यायामशाळांच्या जाळ्यातून झाला. पुणे, मुंबई, सांगली, अमरावती यांबरोबरच बडोदा व इंदूर या मराठी संस्थानिकांच्या राजधान्यांत त्याने मूळ धरले. व्यायामशाळेतील वडीलधाऱ्यांनी संध्याकाळी मुलांना खेळवावे, शाळामास्तरांनी पंचाचे काम करावे आणि स्थानिक दात्यांनी ढाल द्यावी, अशी ही व्यवस्था होती. तिचे बळ निष्ठेत होते. मर्यादाही तेथेच होती, कारण जेथे मराठी व्यायामशाळा नव्हती तेथे खेळही नव्हता.

राष्ट्रीय संघटना : ही मर्यादा ओलांडण्याचे कार्य स्वातंत्र्योत्तर काळात अखिल भारतीय संघटनेने केले. भाई नेरूरकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी विशेष परिश्रम घेतले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे, तर महिलांची १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा मराठी मुलखाबाहेर भरली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. यजमानपद मिळालेल्या राज्यास मैदाने आखावी लागतात, पंच तयार करावे लागतात आणि आपला संघ उभा करावा लागतो. त्यामुळे स्पर्धा हेच प्रसाराचे साधन बनते.

भारतीय खोखो महासंघाची रचना श्रेणीबद्ध आहे. स्थानिक मंडळे जिल्हा संघटनेशी, जिल्हा संघटना राज्य संघटनेशी व राज्य संघटना महासंघाशी संलग्न असतात. निवडचाचण्याही याच क्रमाने होतात. वरिष्ठ गटापाठोपाठ कुमार व किशोर गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. उत्कृष्ट खेळाडूंसाठी वैयक्तिक पुरस्कारही ठेवण्यात आले. पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी आणि किशोर-किशोरींसाठी अनुक्रमे भरत व इला ही त्यांची नावे होत. या साऱ्या यंत्रणेचा कणा म्हणजे पंच. सामन्यास सरपंच, पंच, वेळाधिकारी व गुणलेखक लागतात. ‘खो’ उशिरा दिला की योग्य वेळी, दिशेचा भंग झाला की नाही, हे क्षणार्धात ठरवावे लागते. म्हणून पंचांची परीक्षा व त्यांची उजळणी-शिबिरे यांना नियोजनात खेळाडूंच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्व द्यावे लागते.

मान्यता व उपेक्षा : केंद्र शासनाने गुजरातचे सुधीर परब यांना १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार दिला. त्यानंतर अचला देवरे (१९७१), श्रीरंग इनामदार (१९७५) इ. खेळाडूंचा असाच गौरव झाला. प्रशिक्षक गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना २००० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तथापि शोभा नारायण यांना १९९८ साली मिळालेल्या अर्जुन पुरस्कारानंतर पुढील पुरस्कारासाठी खोखोला बावीस वर्षे थांबावे लागले. २०२० मध्ये तो सारिका काळे यांना मिळाला. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या.

या खंडाचे कारण खेळाच्या दर्जात नव्हते. शासकीय गौरव प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय पदकांशी निगडित राहिला आणि खोखोला तशा स्पर्धाच फार थोड्या लाभल्या. पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये कोलकाता येथे झाली, पण त्यानंतरच्या स्पर्धा दीर्घ अंतराने भरल्या. याउलट कबड्डीला १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत स्थान मिळाले. त्यामुळे शासकीय अनुदान, नोकऱ्या व प्रसिद्धी यांत दोन्ही देशी खेळांतील अंतर वाढत गेले.

खेळाडूंचा चरितार्थ : हौशी खेळाडूस खेळातून उत्पन्न नसते, म्हणून राष्ट्रीय प्रमाणपत्र व त्यातून मिळणारी नोकरी हाच त्याचा आधार. रेल्वेसारख्या आस्थापनांनी खोखोपटूंना सेवेत घेतले. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के जागा राखून ठेवल्या. अल्पभूधारक वा मजूर कुटुंबातील मुलामुलींसाठी ही तरतूद मोलाची ठरली. मात्र तिच्यामुळे संघटनेच्या दप्तराला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. संघटनेची मान्यता वादात सापडली किंवा एकाच राज्यात दोन संघटना उभ्या राहिल्या, तर प्रमाणपत्राचे मोल संशयास्पद होते आणि त्याची झळ पदाधिकाऱ्यांना नव्हे, तर खेळाडूला बसते. राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता (२०११) व राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम (२०२५) यांनी पदाधिकाऱ्यांचे वय, कार्यकाल, निवडणुका व तंटे यांसंबंधी नियम घातले, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

मैदानांचा प्रश्न : खोखोच्या मैदानास सु. २७ मी. लांब व १६ मी. रुंद जागा आणि सभोवती मोकळा पट्टा लागतो. खेड्यात ही अडचण नसते. शहरात तीच मुख्य अडचण ठरते. ठाणे शहराच्या पूर्वेकडील कोपरी किंवा डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत एवढी मोकळी जागा बहुधा शाळेच्या आवारातच मिळू शकते. आवारावर फरशी बसविली, वाहने उभी राहू लागली किंवा नवी इमारत आली, म्हणजे सरावाची जागाच नाहीशी होते. मातीऐवजी मॅटवर खेळ होऊ लागल्याने दुखापती कमी झाल्या व सामने पावसाळ्यातही बंदिस्त सभागृहात घेता येऊ लागले. परंतु मॅटचा व बुटांचा खर्च लहान मंडळांना झेपणारा नाही. मातीवर अनवाणी सराव केलेला खेळाडू मोठ्या स्पर्धेत मॅटवर प्रथमच उतरला, तर त्याची चपळाईच उणी पडते. अल्पखर्च हे ज्या खेळाचे वैशिष्ट्य, त्यात अशी दरी पडणे चिंतेचे आहे.

व्यावसायिक स्वरूप : सहा संघांची ‘अल्टिमेट खोखो’ ही व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात प्रथम खेळली गेली, ओडिशा जगरनॉट्स हा संघ विजयी ठरला. दूरचित्रवाणीसाठी डाव आटोपशीर करण्यात आले, खेळाडूंची संख्या कमी करण्यात आली आणि ‘वजीर’ ही नवी भूमिका आली. वजिरास कोणत्याही दिशेने पाठलाग करण्याची मुभा असते. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत २३ देशांनी भाग घेतला. पुरुष व महिला या दोन्ही विभागांत भारताने नेपाळचा पराभव केला; भारतीय संघांचे नेतृत्व अनुक्रमे प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे या महाराष्ट्रीय खेळाडूंनी केले.

मूल्यमापन : लीगमुळे खोखोपटूस प्रथमच खेळातून मानधन व प्रसिद्धी मिळाली, हे निर्विवाद होय. परंतु तिचा लाभ मूठभर खेळाडूंना होतो. उर्वरित हजारोंचा भार पूर्वीप्रमाणे स्थानिक मंडळेच वाहतात. शिवाय दिशेचे बंधन हा खेळाचा गाभा आहे. वजिराने ते सैल केल्यामुळे शाळेत शिकविला जाणारा खोखो व पडद्यावर दिसणारा खोखो यांत अंतर पडू लागले आहे. १९१४ साली गावोगावचे भिन्न नियम एकत्र आणण्यासाठी जे परिश्रम घेतले गेले, त्यांची आठवण येथे ठेवणे इष्ट ठरेल. कारण नियमांची एकवाक्यता नसती, तर राष्ट्रीय स्पर्धाच संभवली नसती.

खोखोच्या राष्ट्रीय उभारणीत नियमावली, श्रेणीबद्ध स्पर्धा आणि प्रशिक्षित पंच ही तीन साधने निर्णायक ठरली. तिन्ही हौशी कार्यकर्त्यांनी विनामोबदला घडविली. पुढील नियोजनात आंतरराष्ट्रीय स्पर्धांइतकाच विचार शाळेच्या मैदानाचा, जिल्हा संघटनेच्या विश्वासार्ह दप्तराचा व नव्या पंचांचा व्हावयास हवा. ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळविणे हे महासंघाचे उद्दिष्ट असले, तरी संध्याकाळी मुलांना मैदानावर जमविणारा कार्यकर्ता उरला नाही, तर त्या उद्दिष्टासाठी खेळाडू कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच.