घाटातील गाडी आणि तिचे अधिकारी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की आपले लक्ष बटाटेवड्याकडे वळते. त्याच वेळी बहुतेक गाड्यांच्या शेपटीला बँकर इंजिने जोडली जात असतात. बोरघाटाची चढण काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतकी उभी आहे. पुढच्या इंजिनाने ओढावे, मागच्यांनी रेटावे, तेव्हाच गाडी लोणावळा गाठते.

१८५६ साली रेल्वे खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून चढत. १८५९ साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट अंगावर घेतले. हजारो मजूर कामी आले, त्यांतील बहुतेक रोगराईने. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला.

अशा गाडीवर हुकूम कोणाचा? पुष्कळांना वाटते, चालकाचा. परंतु रेल्वेच्या नियमांनुसार गाडी गार्डच्या ताब्यात असते. ती सुटणे, थांबणे, हलणे याबाबत चालकाने त्याचा आदेश मानावयाचा असतो. इंजिनाच्या सुरक्षित चालनास बाध येणार नाही तेथवर. अनेक इंजिने असल्यास सिग्नल पाळण्याची जबाबदारी सर्वांत पुढच्या चालकावर असते आणि मागचे चालक त्याच्या इशाऱ्यानुसार चालतात. चालकाला आता लोको पायलट म्हणतात, तर २०२२ पासून गार्ड ट्रेन मॅनेजर झाला. नावे पालटली, कर्तव्ये तीच राहिली.

या वाटणीत शहाणपण आहे. पुढच्याला शेपूट दिसत नाही, मागच्याला सिग्नल दिसत नाही; म्हणून अधिकार एकाच्याच मुठीत ठेवलेला नाही. विमानात मात्र चार पट्ट्यांचा कॅप्टन सर्वाधिकारी. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुके होते. समोरचे विमान बाजूला झाले नसावे, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. ५८३ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर विमानसेवांनी कनिष्ठांना निर्भयपणे बोलण्याचे आणि वरिष्ठांना ऐकण्याचे रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला.

आम्हांस वाटते, घर असो वा संस्था, हुद्दा हवाच. त्यावाचून गाडी हलत नाही. परंतु हुद्दा म्हणजे शेवटचा शब्द बोलण्याआधी इतरांचा शब्द ऐकण्याचे बंधन होय. मागून दिसणारा धोका पुढच्याला कोणीतरी सांगावाच लागतो, आणि त्याने तो ऐकावा लागतो.