अकरा नंबरचा बावटा

‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती आली की होड्या खाडीत शिरतात, दोर दुहेरी बांधले जातात, प्रवासी लाँच बंद होतात. शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की हा बावटा मुळात कापडाचा नाही हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दिवसा बंदराच्या खांबावर शंकू आणि नळकांडी यांच्या ठरावीक जोडण्या चढवायच्या आणि रात्री त्यांच्या जागी लाल-पांढरे दिवे लावायचे, अशी ती पद्धत. त्या खांबामागे वेधशाळा आहे, पण वेधशाळा बावटा लावत नाही. ती बंदराला कळवते, बंदराचा अधिकारी तो लावतो आणि जहाजाचा तांडेल तो वाचून काय करायचं ते ठरवतो. बावटा म्हणजे एका खात्याने दुसऱ्या खात्यामार्फत तिसऱ्या माणसाला धाडलेला निरोप. त्याचं कूळ शोधू लागलं की हवामानशास्त्रापेक्षा या निरोप्यांच्या साखळीचीच हकिकत जास्त सापडते, आणि आजच्या आपल्या इशारा-यंत्रणेत काय उणं आहे तेही तिथेच कळतं.

वादळाचं ज्ञान आधी आलं, इशारा बराच नंतर. कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन हा जुना दर्यावर्दी. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याने वर्षानुवर्षं गोळा केल्या. वारा तिथे एका केंद्राभोवती फिरतो हे पाहून त्याने वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं तेव्हा, १८५३ साली, त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला लेखी बजावलं की वादळाबरोबर चढणारं समुद्राचं पाणी हे बंदर एक दिवस बुडवेल. बंदर तरीही बांधलं, त्याला कॅनिंगचं नाव दिलं आणि १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं. त्याआधी ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्यावर वादळ आलं होतं, त्यात सुमारे ६० हजार माणसं गेली. महिन्याभरातच मच्छलीपट्टणवर दुसरं वादळ आदळलं. त्या वर्षी नव्हतं काय, हे नीट पाहिलं पाहिजे. पिडिंग्टनचं पुस्तक छापून सोळा वर्षं झाली होती. हिंदुस्थानातली पहिली तार तर १८५१ सालीच कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी, जहाजांच्या खबरा लवकर मिळाव्यात म्हणूनच ओढली होती. विद्या होती, तारही होती. कोणी पाहायचं, कोणाला तार करायची, ती मिळाल्यावर खांबावर काय चढवायचं आणि ते कोणाच्या हुकमाने, एवढं ठरलेलं नव्हतं. ते १८६५ साली कलकत्ता बंदरापुरतं ठरलं आणि या देशातला वादळाचा इशारा तेव्हा जन्मला.

त्याचं रूप मात्र विलायतेतून आलं. ‘बीगल’ जहाजावरून डार्विनला जगप्रवासाला नेणारा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे इंग्लंडच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली, तेव्हा त्याने तारेने बंदरांना इशारे धाडायची योजना आखली आणि १८६१ पासून बंदरांत शंकू आणि पिंपाच्या आकृत्या चढू लागल्या. अंदाज कधी चुकत. वादळ आलं नाही की अडकून पडलेल्या बोटींचे मालक चिडत आणि शास्त्रज्ञ म्हणत की याला पुरेसा सैद्धांतिक पाया नाही. फिट्झरॉयच्या मृत्यूनंतर एका समितीने तसाच अहवाल दिला आणि डिसेंबर १८६६ मध्ये इशारे बंद झाले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू करावे लागले, कारण बंदरांतल्या माणसांनी आणि दर्यावर्दींनीच ते मागितले. चुकणारा इशारा हवा की इशाराच नको, या प्रश्नाचा निकाल समुद्रावर जाणाऱ्यांनी तेव्हाच देऊन टाकला होता.

आपल्या किनाऱ्यावर ही व्यवस्था १८८० साली आली. पश्चिमेकडच्या पहिल्या यादीत मुंबई, कराची, कारवार आणि कुमठा यांच्याबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्लं ही आपली दोन बंदरं होती. तोवर, १८७५ मध्ये, प्रांतोप्रांतीच्या सुट्या कारभारावर एक अखिल भारतीय हवामान खातं उभं राहिलं होतं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख होता. १८८६ पर्यंत देशातली सगळी बंदरं या जाळ्यात आली. तरी एक घोटाळा उरला. वेगवेगळ्या बंदरांत वेगवेगळ्या खुणा वापरात होत्या. एका किनाऱ्यावर शिकलेली खूण दुसऱ्या किनाऱ्यावर भलताच अर्थ सांगणार असेल, तर अंदाज कितीही अचूक असला तरी उपयोग काय? हा घोटाळा १ एप्रिल १८९८ रोजी संपला. त्या दिवसापासून सर्व बंदरांना एकच संकेतपद्धत लागू झाली आणि किरकोळ फेरफार वगळता तीच आजही चालू आहे. विज्ञानाच्या इतिहासात या तारखेला कुणी जागा देत नाही, पण कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने तिचं मोल एखाद्या शोधाइतकंच आहे.

आता हे नंबर जवळून वाचू. एक आणि दोन हे ‘दूरचे’ बावटे. एक म्हणजे लांब समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होतो आहे; दोन म्हणजे लांबवर चक्रीवादळ तयार झालं आहे, बंदराला तूर्त धोका नाही, पण बाहेर पडणाऱ्याने सावध राहावं. तीन आणि चार ‘स्थानिक’. तीन म्हणजे खुद्द बंदरात सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे, चार म्हणजे वादळ पुढे बंदरापर्यंत येऊ शकतं. याचा अर्थ, दोन नंबर ज्या वाऱ्याची खबर देतो तो तीन नंबरच्या वाऱ्याहून जोरदार असतो. फरक इतकाच की तो अजून दूर आहे. नांगर उचलणाऱ्या होडीला तीनपेक्षा दोनची भीती जास्त असायला हवी. पुढे पाच, सहा, सात हे धोक्याचे आणि आठ, नऊ, दहा हे मोठ्या धोक्याचे बावटे. यातही पाचाहून सहा जोरदार, सहाहून सात जोरदार असं काही नाही. पाच म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहील, सहा म्हणजे उजवीकडे, सात म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ-नऊ-दहाचा क्रमही तोच, वादळ तेवढं तीव्र. बाजूला इतकं महत्त्व का, ते ३ जून २०२० ला दिसलं. ‘निसर्ग’ वादळ ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. डावीकडची मुंबई बचावली. केंद्राजवळच्या श्रीवर्धनची आणि उजवीकडच्या मंडणगड-दापोलीची नारळी-पोफळीची वाडीच्या वाडी आडवी झाली. म्हणजे बावट्याचा आकडा हा पत्ता आहे: वादळ कुठे आहे आणि तुम्ही त्याच्या कोणत्या हाताला आहात. हा पत्ता जहाजाच्या कप्तानासाठी लिहिला होता, कारण डावी-उजवी कळली की सुकाणू कुठे वळवायचं ते त्याला कळे. काठावरच्या वाडीतल्या माणसाला वळवायला सुकाणू नाही. त्याच्यासाठी हा निरोप कधी लिहिलाच गेला नव्हता, म्हणून तो तापमापकावरचा आकडा वाचावा तसा ‘अजून तीनच आहे’ असं वाचतो. यात दोष त्याचा नाही.

आणि मग शेवटचा, अकरा नंबर. तो वादळाबद्दल काहीच सांगत नाही. वेधशाळेशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असं इथल्या अधिकाऱ्याचं मत आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. जिची सगळी मदार तारेवर, त्याच व्यवस्थेने तार तुटणार हे गृहीत धरलं आणि तुटल्यावर बोलायचा अधिकार कुणाचा, हेही आधीच लिहून ठेवलं. आजच्या यंत्रणेत तार तुटण्याचे अनुभव भरपूर आहेत, अकरा नंबर मात्र त्या मानाने फार थोडा दिसतो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी अंदमान-निकोबारवर त्सुनामी आदळल्यानंतर दिल्लीतून निघालेला फॅक्स आधीच्या सरकारातल्या मंत्र्यांच्या घरी गेला, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं होतं. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ आलं तेव्हा कित्येक दिवसांची शिदोरी घेऊन खोल समुद्रात गेलेल्या होड्यांपर्यंत इशारा पोहोचवायला साधनच नव्हतं. त्यांपैकी केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ होड्या वाऱ्याबरोबर वर येत देवगडला लागल्या आणि ९५२ मच्छीमार वाचले. अनेक जण परतलेच नाहीत. ‘निसर्ग’मध्ये खांब आणि मनोरे पडून कित्येक गावांची वीज आणि फोन दिवसचे दिवस बंद होते.

यावर पहिला आक्षेप असा की आता उपग्रह आहेत, घरोघरी मोबाइल आहेत, हैदराबादला २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र आहे. मग खांबावरच्या शंकूंचं कौतुक कशाला? यंत्रांनी काम किती सुधारलं हे कबूल करायलाच हवं. १९९९ च्या ओडिशातल्या महावादळात सुमारे १० हजार माणसं गेली आणि २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. पण या दोहोंच्या मध्ये सुधारलेल्या अंदाजाइतकंच आणखी काही घडलं होतं. १९९९ नंतर ओडिशाने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारलं, निवारे बांधले आणि कोणी कोणाला उचलून कुठे न्यायचं ते गावपातळीपर्यंत ठरवलं. म्हणूनच दहा लाखांच्या आसपास माणसं वेळेत हलवता आली. ‘ओखी’नंतर २०१९ मध्ये होड्यांसाठी ‘जेमिनी’ नावाचं उपग्रहाशी जोडलेलं साधन आलं; त्यावर निरोप येई, उलट निरोप मात्र जात नसे. दोन्हीकडून बोलणारे ट्रान्सपाँडर एक लाख होड्यांवर बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये झाली. योजना चांगलीच आहे. पण होडीवरून आलेला निरोप रात्री दोन वाजता मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल की जिल्हाधिकारी कार्यालय, नेमकं कोणी घ्यायचा, याचं उत्तर ट्रान्सपाँडर देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्थानिक माणसाला इशारा द्यायचा हक्क दिला तर गावोगाव आपापले बावटे लागतील, अफवा पसरतील आणि खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडेल. पण अकरा नंबरची घडण पाहिली की या भीतीचं उत्तर मिळतं. तो कुणालाही, केव्हाही लावता येत नाही. संपर्क तुटल्यावरच लागतो, नेमलेल्या पदावरच्या माणसानेच लावायचा असतो, आणि हा वेधशाळेचा अंदाज नव्हे, हे तो स्वतःच सांगतो. उलट हा हक्क कुणालाच नसला, तर फोन बंद पडलेल्या गावात जो तो दुसऱ्याच्या आदेशाची वाट पाहत बसतो. चुकलेल्या इशाऱ्याने एक दिवसाची मासेमारी बुडते, आणि हातावर पोट असलेल्याला ते नुकसान मोठं आहे. म्हणून त्या दिवसाची भरपाई सरकारने द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदर खातं, मत्स्यव्यवसाय विभाग आणि पालघर ते सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनांना एवढीच विनंती आहे. ३१ जुलैला मासेमारीबंदी उठून होड्या पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक जेटीवर अकराही बावट्यांचे अर्थ मराठीत रंगवून लावा: कोणता बावटा दूरचा, कोणता जवळचा, कोणता डाव्या हाताचा, कोणता उजव्या. आणि अकराव्या ओळीपुढे, संपर्क तुटला तर त्या बंदरात निर्णय कोणी घ्यायचा, त्या माणसाचं पद लिहा.